तळ्याचे आरोग्य काठावर

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वसाहतीमागील तळ्यात पोहून आलेला आठ वर्षांचा एक मुलगा उलट्या व अंगभर पुरळ घेऊन माझ्याकडे आला. पाण्यावर हिरवी साय होती, असे त्याची आई म्हणाली. नेमके कारण सिद्ध करता आले नाही. परंतु सांडपाण्यातील नत्र व स्फुरद वाढले की नील-हरित शेवाळ माजते आणि त्याच्या काही जाती यकृतास घातक विषे निर्माण करतात, हे आपण डॉक्टर जाणतो. मुलगा बरा झाला. तळे मात्र आजारीच राहिले.

'काठावर झाडे लावू या,' असे रहिवाशांनी सुचविले. सूचना योग्यच, पण औषधाप्रमाणे वनस्पतीचीही निवड पारखून करावी लागते.

उथळ काठासाठी पाणकणीस, नळ, लव्हाळा, कर्दळ व वेखंड उपयुक्त ठरतात. त्यांच्या दाटीत पाण्याचा वेग मंदावून गाळ खाली बसतो. मुळांवरील जिवाणू सेंद्रिय घाण कुजवतात. मुळांलगतच्या प्राणवायूत अमोनियाचे नायट्रेट होते. पुढे प्राणवायूविरहित गाळात त्याचा नायट्रोजन होऊन तो हवेत निघून जातो. स्फुरदाला अशी वाट नाही. तो गाळात व पानांत साठतो. म्हणून वेळोवेळी कापणी करून पाला तळ्यापासून दूर न्यावा. तेथेच कुजल्यास सारे पाण्यात परत जाते. पाणकणीस झपाट्याने पसरते, त्यास आवर घालावा. वेखंड आपल्या घरांत बाळगुटीमुळे परिचित आहे. तथापि सांडपाण्यावर वाढलेले वेखंड उगाळून बाळास कदापि देऊ नये.

जलपर्णी नत्र भराभर शोषते, हे खरे. परंतु ती पृष्ठभाग झाकून पाण्याचा प्रकाश व प्राणवायू हिरावते आणि डासांना आसरा देते. ती लावूच नये.

काठ दगडी, बांधीव असल्यास तरंगते वाफे हा पर्याय आहे. आपल्या हैदराबादेत नेकनामपूर तळ्यावर २०१८ साली सुमारे ३,००० चौरस फुटांचा असा वाफा सोडण्यात आला. वाळा, कर्दळ व पाणकणीस यांचा त्यात समावेश होता.

मात्र या वनस्पतींनी पाणी पोहण्यास वा पिण्यास निर्धोक होत नाही. तळ्यात येणारा सांडपाण्याचा नाला प्रथम वळवला पाहिजे. अतिसाराच्या बाळाला जलसंजीवनी देत राहावी आणि दूषित पाणीही पाजत राहावे, असे आपण कधी करतो का? तळ्याच्या बाबतीतही तोच विवेक ठेवू या.