श्टुटगार्टच्या कँटीनमधली मसूर

पुणे आणि चाकणच्या वाहन कारखान्यांत श्टुटगार्ट हे नाव रोजच्या बोलण्यातलं आहे. मर्सिडीजचं मुख्यालय त्या शहरात, बॉशचं शेजारच्या गेरलिंगनमध्ये. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. दोन-तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी किंवा एखाद्या यंत्राच्या चाचणीसाठी तिकडे जाणारा मराठी इंजिनिअर आता नवलाचा राहिलेला नाही. त्याच्या बॅगेतला शिधाही ठरलेला असतो: मेतकूट, चटण्या, गरम पाणी घातलं की तयार होणारा उपमा, एक छोटा कुकर. (मांस, दूध आणि त्यांपासूनचे पदार्थ बाहेरच्या प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे घरीच राहतात.) शिधा नेण्यात काही गैर नाही. पण त्याच्या भरवशावर अख्खा मुक्काम काढायचा, दुपारीसुद्धा आपला डबा घेऊन वेगळं बसायचं, असं ठरवूनच काही जण निघतात. स्थानिक जेवण हा पर्यटकाचा शौक आहे, कामाला आलेल्याने त्यात कशाला पडावं, असा त्यामागचा विचार. मला नेमकं उलट वाटतं. पर्यटकाने तिथलं अन्न टाळलं तर त्याची एक चव हुकते. कामाला आलेल्याने टाळलं तर त्याचं काम अर्धवट राहतं.

जर्मन कंपन्यांत दुपारचं जेवण लवकर असतं. साडेअकरा वाजून गेले की जिन्यात, लिफ्टमध्ये भेटणारा माणूस ‘मालत्साइट’ म्हणतो. शब्दाचा अर्थ नुसता ‘जेवणवेळ’, पण दुपारच्या त्या दोनेक तासांत तो नमस्काराच्या जागी येतो; आपल्याकडचं ‘जेवलात का?’ जसं दर वेळी जेवणाची चौकशी नसतं, तसंच. विभागातली माणसं मिळून कँटीनकडे निघतात. बैठक विषयपत्रिकेला धरून चालते. पण कोणती चाचणी दोनदा फसली, कोणत्या सुट्या भागाची काळजी वाटते, निर्णय खरोखर कोणाच्या हातात आहे, या गोष्टी ताट घेऊन बसल्यावर निघतात. कँटीन तिकडच्या कामगार-जीवनात किती खोल रुजलेलं आहे हे फोक्सवागनच्या उदाहरणावरून कळतं. त्यांच्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात १९७३ पासून कंपनीचं स्वतःचं सॉसेज बनतं आणि त्याला गाडीच्या सुट्या भागासारखाच क्रमांक आहे: १९९ ३९८ ५०० ए. २०२१ मध्ये मुख्यालयातलं एक कँटीन मांसमुक्त करायचं ठरलं, तेव्हा माजी चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की, सारखाच पदार्थ खाल्लेल्या अनोळखी माणसांत एकमेकांवरचा विश्वास वाढतो आणि वाटाघाटीत ती लवकर एकमताला येतात. हे आखून केलेले प्रयोग होते. त्यांच्या जोरावर कुणाला कंत्राट मिळेल असं म्हणणं धाडसाचं होईल. तरी वेगळा डबा उघडून बसलेला पाहुणा टेबलावरच्या बोलण्यातून हळूहळू बाजूला पडतो, हे समजायला प्रयोगाची गरज नाही.

पण नुसतं एकत्र बसणं पुरेसं असतं, तर डबा घेऊनही त्या टेबलावर बसता आलं असतं. पदार्थ तोच खाण्याचं कारण आणखी पुढचं आहे. श्टुटगार्ट ज्या श्वाबिया प्रांतात येतं, तिथलं घराघरातलं जेवण म्हणजे ‘लिन्झन मिट श्पेत्सले’: मसूर आणि तिच्यासोबत अंडं-मैद्याच्या सैलसर पिठाचे उकळत्या पाण्यात सोडलेले तुकडे. मसूर गाजर-कांद्याबरोबर मऊ शिजवतात, परतलेल्या पिठाने दाट करतात आणि शेवटी व्हिनेगर घालून आंबट करतात. आमटीत शेवटी आमसूल टाकणाऱ्याला ही युक्ती परकी वाटणार नाही. ही मसूर शहराच्या दक्षिणेकडच्या श्वाबियन आल्ब पठारावर पिकायची. चुनखडीचं, दगडाळ, पाणी न धरणारं रान. पीक जमिनीवर लोळू नये म्हणून सोबत बार्ली किंवा ओट पेरायचे. कष्ट फार आणि उतारा कमी, म्हणून १९५०-६० च्या दशकांत ती लागवड बंद पडली आणि जुनं वाणही हरवलं. ते २००६ मध्ये सापडलं, तेही रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला असताना ज्या संग्रहाचे शास्त्रज्ञ उपासमारीने मेले पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही, तोच हा संग्रह. तिथून मिळालेलं बी आल्बच्या शेतकऱ्यांनी वाढवलं आणि आज ती मसूर ‘आल्ब-लाइझा’ या नावाने पुन्हा विकली जाते. या पदार्थामागच्या दरिद्री जमिनीचा इंजिनिअरच्या कामाशी थेट संबंध आहे. या भागात वडिलोपार्जित शेत सर्व मुलांत सारखं वाटलं जाई. तुकडे इतके लहान होत गेले की घरटी कुणीतरी विणकाम, घड्याळकाम, लोहारकाम धरलं. इथल्या छोट्या कार्यशाळांची आणि पुढच्या यंत्रोद्योगाची पाळंमुळं इतिहासकार तिथे शोधतात. मायक्रॉनचा हट्ट धरणारा आणि एक स्क्रू वाया जाऊ न देणारा सहकारी कुठल्या मातीतून आला, हे मसुरीच्या त्या ताटावरून विचारता येतं, आणि विचारलं की तो मनापासून बोलतो.

सर्वांत वजनदार आक्षेप शाकाहाराचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्रत, श्रद्धा किंवा निव्वळ किळस, कारण काहीही असो, ज्याला जे वर्ज्य ते त्याने खाऊ नये, आणि करारासाठी तर मुळीच नाही. आणि श्वाबियाचं अन्न फसवंही आहे. मसुरीत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि वर सॉसेज येतं. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं सार मुरवलेलं असतं. ब्रेत्सेलच्या कणकेतही काही बेकऱ्या चरबी घालतात. माउलताशन हा पालक भरलेल्या मोठ्या करंजीसारखा पदार्थ, पण पालकाबरोबर आत खिमा असतो. उपवासाच्या काळात मांस देवाच्या नजरेआड राहावं म्हणून साधूंनी तो काढला, अशी लोककथा सांगतात. मात्र या सगळ्यावरून निघणारा निष्कर्ष ‘विचारून खा’ असा आहे, ‘खाऊ नका’ असा नाही. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात सुट्या अन्नाबाबतही अंडं, दूध, गहू, मासे यांसारख्या १४ घटकांची माहिती द्यावी लागते, म्हणून फलकावर पदार्थापुढे अक्षरं आणि आकडे दिसतात. त्या १४ मध्ये मांस नाही, त्यामुळे यादी वाचूनही प्रश्न विचारावाच लागतो. मांसाविना शिजवलेली मसूर, शाकाहारी माउलताशन, चीज घातलेले श्पेत्सले आता सर्रास मिळतात. अंडंही न खाणाऱ्याची वाट अधिक अरुंद आहे, हे मान्य. त्याच्या वाट्याला भाज्या, बटाटे आणि तऱ्हेतऱ्हेचा पाव येईल. पण आपण काय खात नाही हे स्पष्ट सांगून उरलेलं आवडीने घेणाऱ्या पाहुण्याबद्दल यजमानाला अवघडलेपण वाटत नाही. काहीच न विचारता सगळंच नाकारणाऱ्याबद्दल वाटतं.

पोट बिघडेल ही भीती जर्मनीत तरी फारशी टिकत नाही. उलट विमानप्रवासानंतर तेलकट चिवड्यावर दिवस काढणंच पोटाला जड जातं. खर्चाचंही तसंच. मोठ्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये जेवण बहुधा सवलतीच्या दरात असतं, त्यामुळे भत्ता वाचवण्यासाठी खोलीत स्वयंपाक करण्यात फार काही हाती लागत नाही. दिवसभर परक्या भाषेत बोलून थकलेल्या माणसाला संध्याकाळी घरचीच चव हवी असते, हा आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. सुदैवाने तिकडची रीतही त्याच्या आड येत नाही. अनेक जर्मन घरांत रात्रीचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि थोडं लोणचं, तेही लवकर आणि ज्याच्या त्याच्या घरी. त्या वेळी खोलीत मेतकूट-भात खुशाल करावा. दुपारी कुणी ‘मालत्साइट’ म्हटलं की मात्र ताट घेऊन रांगेत लागावं, मसूर असेल तर तीत मांस आहे का ते वाढणाऱ्याला विचारावं, आणि टेबलावरच्या बाटलीतलं व्हिनेगर आधी चमचाभरच घालून पाहावं.