पांढऱ्या पेन्सिलीचं काम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर त्याची रंगपेटी एकदा उघडून पाहा. लाल पेन्सिल बोटभर उरलेली असते, हिरवी हरवलेली असते, निळीचं टोक तुटलेलं असतं. पांढरी मात्र दुकानातून आणली तेवढीच लांब असते. पांढऱ्या कागदावर पांढरी पेन्सिल काय कामाची, असं मुलाला वाटतं आणि मोठ्यांनाही तिचा उपयोग कुणी सांगितलेला नसतो. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत तो ठाऊक नव्हता. रंगीत पेन्सिलींनी घरच्या घरी शुभेच्छापत्रं कशी रंगवावीत, आणि मुख्य म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद कसं जावं, याबद्दल आज बोलायचं आहे. त्यात ती पांढरी पेन्सिलही येईल, पण जरा उशिरा.

मी चित्रकार नव्हे, कविता लिहिणारा माणूस. या वाटेला लागलो तो एका कार्डापायी. माझा एक शाळासोबती आहे. दिवाळीला मी त्याला कार्ड पाठवायचो, ईदला तो मला. दोघंही सोलापुरातच, तरी कार्ड पोस्टानंच जायचं. पोस्टमननं दारात नाव घेऊन हाक मारली पाहिजे, ही त्यातली गंमत. पुढं मोबाइल आले आणि कार्डांच्या जागी तयार चित्रं येऊ लागली, शंभर जणांना गेलेलं तेच चित्र. मग एकदा निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर आमच्यात जे बोलणं झालं, ते दोघांनीही बोलायला नको होतं. त्यानंतर ती चित्रंही थांबली. तीन वर्षं अशीच गेली. फोन करावा म्हटलं तर पहिलं वाक्य सुचेना. कार्डाला पहिलं वाक्य लागत नाही. दिवाळी तोंडावर आली होती. नेहमीच्या दुकानात गेलो, तर छापील कार्डांचा स्टँडच उठला होता. म्हटलं, आपणच करू.

चित्र काय काढायचं, हा प्रश्न नव्हता. त्याच्या घरची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग होती. कॉलेजच्या दिवसांत आम्ही तिथं राहायला जात असू. तेव्हा डाळिंब. पुतणीची चोवीस पेन्सिलींची पेटी मागून घेतली, गोल काढला, वर मुकुट काढला आणि लाल पेन्सिल घेऊन जोर लावून रंगवायला बसलो. शाळेत आपण सगळे असंच रंगवायला शिकलेलो असतो, रेषेबाहेर जाऊ नये आणि पांढरं राहू नये. दहा मिनिटांत एक चकचकीत लाल चेंडू तयार झाला. त्याला गोलाई यावी म्हणून एका बाजूनं गडद तांबडा लावू लागलो, तर पेन्सिल घसरायला लागली. रंग बसेचना. मग काळा लावला. डाळिंब किडल्यासारखं दिसू लागलं. ते कार्ड फाडलं.

काय चुकलं, हे समजून घ्यायचं तर आधी कागदाकडे पाहावं लागतं. कागद आपल्याला सपाट दिसतो, पण जवळून पाहिला तर तो नांगरलेल्या रानासारखा असतो. त्यावर उंचवटे असतात आणि सऱ्या असतात. याला कागदाचा दाणा म्हणूया. पेन्सिल फिरली की उंचवटे तिचं शिसं खरवडून घेतात आणि रंग तिथं अडकतो. रंगीत शिसं म्हणजे तरी काय? रंगाची पूड, पांढऱ्या मातीसारखा भराव, सगळं धरून ठेवणारा डिंक आणि मेण किंवा तेल. साध्या काळ्या पेन्सिलीचं शिसं भट्टीत भाजतात. रंगीत शिसं भाजत नाहीत, कारण त्या उष्णतेत रंग आणि मेण टिकणार नाहीत. म्हणून ते मऊ असतं आणि पेन्सिल फरशीवर पडली की आतल्या आत तुटतं. मग टोक करताना तुकडे गळत राहतात आणि आपण बिचाऱ्या शार्पनरला दोष देतो.

आता जोर लावला की काय होतं ते पाहा. पहिल्याच थरात सऱ्या मेणानं भरून जातात आणि उंचवटे चेपतात. दुसऱ्या रंगाला धरायला काही उरत नाही. म्हणून पेन्सिल घसरते. रंग मिसळायचे तर पहिल्या थरानं दुसऱ्यासाठी जागा ठेवली पाहिजे. पाण्याचे रंग ताटलीत मिसळतात, पेन्सिलीचे रंग कागदावरच, एकावर एक चढून मिसळतात. पातळ थर थोडा पारदर्शक असतो. त्यातून उजेड खालपर्यंत जातो, कागदावरून परततो आणि येताना सगळ्या थरांचा रंग घेऊन डोळ्यांत येतो. पिवळ्यावर लाल हलका फिरवला की नारिंगी दिसतो तो असा. आणि क्रमालाही महत्त्व आहे. निळ्यावर पिवळा फिरवला तर येणारा हिरवा वेगळा, पिवळ्यावर निळा फिरवला तर वेगळा. वरच्या रंगाचं थोडं जास्त चालतं. एका कोऱ्या कागदावर अशा जोड्या करून पाहा. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली आणि ती वाया गेली असं मला वाटलं नाही.

कागद कुठला घ्यावा? झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी जीएसएमचा असतो, म्हणजे त्याच्या एक चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम. तो दोन-तीन थरांत दमतो. कार्डासाठी दोनशे ते अडीचशे जीएसएमचा कार्ट्रिज कागद चांगला. लग्नपत्रिकेचा गुळगुळीत, चकाकणारा कागद घेऊ नका, त्याला दाणाच नसतो. हातकागदाचा मोह मलाही पडला होता. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. पिढ्यान्‌पिढ्या हातानं कागद करणाऱ्या कागजी घराण्यांचं हे गाव. पुण्यातही १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. हा कागद मोठा देखणा, पण त्याचा दाणा बहुधा भरड असतो आणि बारीक चित्रात पांढरे ठिपके राहतात. म्हणून मी घडीचं कार्ड हातकागदाचं करतो आणि चित्र कार्ट्रिजवर रंगवून त्यावर चिकटवतो.

घडीचंही एक तंत्र आहे. यंत्रावरच्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेला असतात. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. ज्या बाजूनं सहज वाकेल, त्याच बाजूनं घडी घाला, नाही तर ती फाटल्यासारखी दिसते. आधी पट्टी धरून सुरीच्या बोथट पाठीनं खाच पाडायची, मग घडी. आणि सगळ्यांत आधी पाकीट आणायचं. मी सुंदर कार्ड करून बसलो आणि त्या मापाचं पाकीट सोलापुरात मिळेना, असंही झालेलं आहे.

आता दुसरं डाळिंब. पेन्सिलीला अणकुचीदार टोक केलं. बोथट टोक उंचवट्यांवरूनच जातं, टोकदार असेल तर सरीत उतरतं. पेन्सिल टोकापासून लांब धरली, म्हणजे आपोआप जोर कमी पडतो. आणि पुढे-मागे रेघोट्या न ओढता अगदी बारीक गोल फिरवत गेलो, ज्वारीच्या दाण्याएवढे गोल. प्रथम सगळ्या फळावर फिका पिवळा लावला. जिथं उजेड पडतो तिथं एक ठिपका कोराच ठेवला. पांढरा चकाका नंतर लावता येत नाही, तो राखावाच लागतो. त्यावर नारिंगी, पण चकाक्यापासून थोडं दूर. मग लाल, आणखी थोडं दूर. मग तांबडा, फक्त सावलीच्या बाजूला. प्रत्येक रंग आधीच्या रंगाच्या हद्दीत थोडा शिरला पाहिजे आणि त्याची कड हळूहळू विरत गेली पाहिजे. कड दिसली तर आधीचा रंग घेऊन तिच्यावरून पुन्हा एकदा फिरायचं.

सावलीला काळा नको, हे तर पहिल्या डाळिंबानं शिकवलं होतं. मग काय? लालावर हिरवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण लालाच्या सावलीवर गडद हिरवा अगदी हलका फिरवला की तो हिरवा दिसत नाही, लालच खोल होतो. समोरासमोरचे रंग एकमेकांचा भडकपणा मारतात, लाल आणि हिरवा, पिवळा आणि जांभळा, निळा आणि नारिंगी. केळं रंगवलं तर त्याची सावली जांभळ्यानं करून पाहा.

असे सात-आठ थर झाले. हाताखाली एक कोरा कागद ठेवलेला होता, कारण आमच्याकडच्या उकाड्यात तळव्याचा घाम चित्राला लागतो. रंगाचा भुसा फुंकायचा नाही, त्यानं थुंकीचे शिंतोडे उडतात. मऊ ब्रशनं झाडायचा.

आणि आता पांढरी पेन्सिल. थर पुरे झाले की ती घ्यायची आणि इथं मात्र जोर लावायचा. ती आपला रंग फारसा देत नाही, खालचे रंग दाबून सरीत बसवते, एकमेकांत घोटते. मातीच्या भिंतीवर गिलावा घोटतात तसं. बारीक पांढरे ठिपके नाहीसे होतात आणि फळाला साल आल्यासारखी चमक येते. एक सावधगिरी आहे. लालावर पांढरी घोटली तर लाल गुलाबीकडे झुकतो. म्हणून ती चकाक्याच्या आसपासच ठेवावी आणि गडद भागात त्याच कुळातला फिका रंग वापरावा, माझ्या डाळिंबाला नारिंगी. बिनरंगाची घोटायची पेन्सिल बाजारात वेगळी मिळते, ती असेल तर उत्तमच. पण घोटणं शेवटी. एकदा घोटलं की दाणा संपला, वर फारसं काही चढत नाही.

रंग विरघळवून मिसळायचीही एक रीत आहे. कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये किंचित बुडवून थरांवरून फिरवली की मेण सुटतं आणि रंग पाण्याच्या रंगासारखा पसरतो. वाळल्यावर पुन्हा थर देता येतात. खिडक्या उघड्या हव्यात, गॅस पेटता नको आणि लहान मुलं जवळ नकोत. त्याऐवजी खोबरेल चालतं असं मला एका हितचिंतकानं सांगितलं. चालतं म्हणजे रंग पसरतो खरा. पण दुसऱ्या दिवशी कार्डाच्या आत, जिथं मजकूर लिहायचा, तिथं तेलाचं वर्तुळ उमटलं होतं आणि शाई त्यावर बसत नव्हती.

महागड्या पेन्सिलींची गरज आहे का, असं मला विचारतात. फाबर-कास्टेल या जर्मन कंपनीची चित्रकारांसाठीची पॉलिक्रोमॉस ही मालिका १९०८ सालापासूनची. अशा पेन्सिलींत रंगाची पूड जास्त असते, हाताला फरक लगेच कळतो. परंतु शिकायला शाळेची पेटी पुरते. बाजारात विकायला म्हणून निघालेलं पहिलं नाताळकार्ड लंडनचं, १८४३ सालचं, हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलेलं. तेही छापून मग हातानं रंगवलेलं होतं. म्हणजे आपण काही नवीन करत नाही.

अक्षरांसाठी एक युक्ती सांगतो. रंगवण्याआधी चित्राच्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि शाई संपलेल्या रिफिलनं दाबून लिहायचं. कागदात खोल रेघ पडते, दिसत मात्र नाही. मग त्यावरून पेन्सिल आडवी धरून रंग फिरवला की रेघ कोरीच राहते आणि पांढरी अक्षरं वर येतात. मी डाळिंबाखालच्या काळ्याभोर जमिनीत असं ‘शुभ दीपावली’ लिहिलं. त्याखाली नाव. आणखी काही लिहिलं नाही.

उत्तर दिवाळीत आलं नाही. ईदला आलं, पोस्टानं. पाकिटात घडीचं कार्ड होतं, त्यावर निळं आकाश आणि चंद्रकोर, पेन्सिलीनंच रंगवलेली. इतका जोर लावलेला की मागच्या बाजूला रेघा उमटल्या होत्या. आणि निळ्यावर पांढुरकी साय धरली होती. मेणाच्या पेन्सिलीचे जाड थर दिले की काही दिवसांनी मेण वर येतं आणि गडद रंगांवर असं धुकं दिसू लागतं. मऊ मलमलीनं हलकेच पुसलं की ते जातं. वर पारदर्शक फिक्सेटिव्हचा हलका फवारा मारला की सहसा परत येत नाही. मी त्याला फोन केला आणि पहिलं वाक्य हेच बोललो, की बाबा रे, एवढा जोर लावायचा नसतो. तो म्हणाला, मग शिकव.

रविवारी दुपारी तो येतो आता. टपरीवरच्या त्या बोलण्याचा विषय अजून निघालेला नाही. परवा त्याला पाठवणीचं सांगत होतो, तेवढं तुम्हालाही सांगतो. चित्रावर बटर पेपरचा तुकडा ठेवून मगच कार्ड पाकिटात घालावं, म्हणजे रंग समोरच्या पानाला लागत नाही. टिकल्या, मणी चिकटवू नयेत, शिक्का मारताना पाकीट तिथंच फाटतं. पत्ता कार्ड आत घालण्यापूर्वी लिहावा, नाही तर बॉलपेनच्या रेघा चित्रावर उमटतात. आणि कार्ड आलं की ते उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. शाळेच्या पेटीतले गुलाबी आणि जांभळे रंग सगळ्यांत आधी उडतात.