बत्तीस कधी मिळवायचे?

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या घराघरांत उष्णतेची दोन मापं नांदतात. बाहेरची हवा सेल्सियसमध्ये, अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. शहरातल्या लष्कर भागातल्या मराठी घरात ‘आज पंचेचाळीस’ म्हणजे ऊन आणि ‘एकशे दोन’ म्हणजे ताप, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोटाळा होतो तो एका मापातून दुसऱ्यात जाताना. खरं तर हिशेब तोंडी जमतो: सेल्सियसचा आकडा दुप्पट करायचा, त्यातून त्याचाच दहावा हिस्सा वजा करायचा, मग ३२ मिळवायचे. ४५ चे ९०, वजा ९ म्हणजे ८१, अधिक ३२ म्हणजे ११३. उत्तर तंतोतंत येतं. चूक गुणाकारात क्वचितच होते. हातातला आकडा कसला आहे, हे न विचारल्यामुळे होते.

हवामान खात्याचा निकष घ्या. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असलं, की उष्णतेची लाट. यातले ४० ही नोंद आहे, तिचे १०४ होतात. ४.५ हा मात्र फरक आहे, त्याचे ८.१ च होतात. दोन्ही मापांची शून्यं वेगवेगळ्या जागी आहेत म्हणून ३२ लागतात. वजाबाकीत ते आपोआप उडून जातात. मोबाइल हे काम क्षणात करतो, मग डोकं कशाला चालवायचं, असं कुणी म्हणेल. पण पारा २ अंशांनी चढला म्हणून मोबाइलला २ दिले, तर तो ३५.६ सांगतो, खरी वाढ ३.६ ची. नोंद की फरक, हे त्याला कळत नाही.

दुसरा प्रश्न बारकाव्याचा. काचेच्या थर्मामीटरवर ९८ नंतरच्या तिसऱ्या बारीक रेषेशी बाण असतो: ९८.६. आकडा काटेकोर दिसतो, पण तो ३७ चं रूपांतर आहे. जर्मन वैद्य वुंडरलिच यांनी १८६८ साली असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून ३७ ही सरासरी मांडली. निरोगी माणसाचं तापमान सकाळी कमी, संध्याकाळी थोडं जास्त असतं. तेव्हा दशांशानंतरचा ६ गुणाकारातून आलेला आहे, ९८.८ दिसल्यावर धास्तावण्याचं कारण नाही.

मग फॅरनहाइट मोडीतच का काढू नये? काढावं, हरकत नाही. पण ९८.६ ऐवजी ३७.० लिहूनही काटेकोरपणाचा तोच भ्रम कायम राहील. म्हणून आधी आकड्याची जात ओळखावी, मग त्याची खात्री किती ते पाहावं, आणि गुणाकार शेवटी करावा.