आमच्या सासरची गावपळण

प्रत्येक गावाची काही ना काही खोड असते. गावातल्या माणसांना तिचे काहीच वाटत नाही, आणि बाहेरच्याला सांगायला जावे तर आपली थट्टा चालली आहे असे त्याला वाटते. नागपूरकर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक काढतात आणि गावातली सारी इडापिडा त्यांच्याबरोबर हाकलून देतात. सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. मी पुण्याची, सदाशिव पेठेत वाढलेली. आमच्या पेठेच्या खोडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, तेव्हा त्या सांगत बसत नाही. पण लग्न होऊन मी मालवणकडची सून झाले आणि एक अशी चाल पाहिली, की तिच्यापुढे या सगळ्या फिक्या वाटाव्या. आमच्या सासरी सारे गावच्या गाव घरदार सोडून पळते!

या चालीला 'गावपळण' म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यात आचरे, चिंदर, वायंगणी आणि देवगड तालुक्यात मुणगे अशा काही गावांतून ती पाळतात. कुठे तीन वर्षांनी, कुठे चार वर्षांनी. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळे गावी तर ती दरवर्षी असते. ग्रामदेवतेचा कौल घेऊन दिवस ठरतो. त्या दिवशी लहानथोर सगळी माणसे, गाईम्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्रीमांजरे, झाडून सारी शिवेबाहेर पडतात आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांतून राहतात. गावात चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा देवाला विचारायचे. त्याने हो म्हटले तर परत फिरायचे, नाही म्हटले तर मुक्काम वाढला!

मी पहिली गावपळण पाहिली ती 1986 सालच्या मार्गशीर्षात. आम्ही मुंबईला राहत होतो. थोरली लेक दहा महिन्यांची होती. सासूबाईंचे पत्र आले, "गावपळण आसा. घरची माणसा येवक होयी." पत्र वाचून आमचे हे लगेच रजेचा अर्ज लिहायला बसले. दिवाळीला रजा मागताना ज्यांना साहेबांची भीती वाटायची, त्यांनी गाव पळवण्यासाठी आठ दिवसांची रजा मागितली, आणि साहेबही कोकणातलेच असल्यामुळे ती ताबडतोब मंजूर झाली. कोकण रेल्वे यायला अजून बारा वर्षे होती. एस.टी.च्या रात्रभराच्या प्रवासाने हाडे खिळखिळी करून आम्ही गावी पोचलो.

घरात आधीच लगीनघाई उडाली होती. शिवेबाहेरच्या सड्यावर सासऱ्यांनी झोपडी उभारून ठेवली होती. चार मेढी, वर नारळाच्या चुडतांची झापे, बाजूंना गवताचे कूड. इकडे तांदूळ, कुळथाचे पीठ, सुके बांगडे, तवे, टोप, अंथरुणे सगळे पडवीत येऊन पडले होते. कोंबड्या डालग्यांत कलकलाट करीत होत्या. मी आपली पुणेरी शिस्तीने दागिन्यांचा डबा कपाटात ठेवला, कपाटाला किल्ली लावली आणि पुढच्या दाराला घालायला कुलूप शोधू लागले. आजेसासूबाई ओटीवर बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या. त्यांना सगळे घर आजी म्हणे. त्या खो खो हसल्या.

"कुलूप कोणासाठी गो? चोर झालो तरी गावचोच मां? तो पण आपल्याबरोबर भायर चल्लो!"

या बिनतोड युक्तिवादावर मी काय बोलणार? तरीही कुलूप घातलेच. तसे कुणी कुलूप घालीत होते, कुणी नुसती कडी सरकवीत होते.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. निघायच्या दिवशी सकाळपासून लेकीचे अंग कढत लागू लागले. दुपारपर्यंत चांगलाच ताप भरला. आणि आता या तापल्या पोरीला घेऊन मार्गशीर्षातल्या थंडीत, उघड्या माळावर, गवताच्या झोपडीत राहायचे! मी सरळ सांगून टाकले, "तुम्ही सगळे जा. मी पोरीला घेऊन घरात राहते. तुमच्या देवाला माझा नमस्कार सांगा."

घरात एकदम शांतता पसरली. सासूबाई पदराने डोळे टिपू लागल्या. सासरे खळ्यात येरझाऱ्या घालू लागले. हे मला एकीकडे घेऊन समजावू लागले आणि मी त्यांच्यावर फणकारले. तुम्ही पाळा तुमच्या चाली, माझे लेकरू का पणाला लावता? हा माझा प्रश्न काही चुकीचा नव्हता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

शेवटी आजींनी मला जवळ बोलावले. वाटले, आता कोप होईल, भुते येतील असले काहीतरी ऐकावे लागणार. पण त्या तसले काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तू रवतलंस तर रव. पण सगळो गाव थंय आणि तू एकटी हंय. रात्री पोराक काय झाला, तर हाक कोणाक मारशीत?"

मी गप्प झाले. खरेच, तीनशे घरांच्या त्या गावात त्या रात्री हाकेला ओ द्यायला एक माणूस असणार नव्हते. औषध, माणसे, सोबत, सगळे शिवेपलीकडे जाणार होते. मी मुकाट्याने लेकीला शालीत गुंडाळले.

देवळातला ढोल वाजला आणि गाव चालू लागले. ते दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. पाणंदीतून माणसांची रांग लागली होती. डोक्यांवर बोचकी, काखेत पोरे, पुढे गुरे, मागे कुत्री. आजींना खुर्चीत बसवून चौघांनी उचलले होते आणि त्या नवऱ्या मुलीसारख्या ऐटीत चालल्या होत्या. खोत काय, गाबीत काय, शिंपी, सुतार, गावातली मुसलमान कुटुंबे, सगळी एकाच वाटेने चालली होती. कुणी कुणाला 'या' म्हणत नव्हते आणि कुणी मागे राहत नव्हते.

सड्यावर पोचलो, आणि तिथे दुसरा पेच उभा. आमच्या झोपडीला लागूनच आमच्या चुलत घराची झोपडी होती!

इथे थोडी घरची गोष्ट सांगायला हवी. आमचे घर आणि चुलत सासऱ्यांचे घर शेजारी शेजारी, मध्ये चिऱ्यांचा एक गडगा. तो गडगा हातभर इकडे की हातभर तिकडे, आणि त्याच्या अंगावर उभा असलेला फणस कुणाचा, यावरून तालुक्याच्या कोर्टात अकरा वर्षे दावा चालला होता. दोन्ही घरांत बोलणे बंद. माझ्या लग्नात त्यांच्याकडचे कुणी आले नव्हते. चुलत जाऊ विहिरीवर दिसली, की ती एकीकडे पाहायची आणि मी दुसरीकडे. मला तर भांडणाचे मूळही धड ठाऊक नव्हते. सासरच्या दागिन्यांबरोबर ते अंगावर चढले होते एवढेच.

सड्यावरच्या जागा वाडीवार असतात. घरे ज्या क्रमाने, साधारण त्याच क्रमाने झोपड्या. फक्त मध्ये गडगा नाही! दोन झोपड्यांच्या मध्ये गवताचा एक पातळ कूड. त्यांच्या चुलीवर तडतडलेली फोडणी आमच्या झोपडीत ऐकू येई, आणि आमची कुजबुज तिकडे.

रात्र झाली तशी लेक कण्हू लागली. मी ओल्या फडक्याने तिचे अंग पुसत होते आणि रडत होते. बाहेर कुठे भजन रंगले होते, कुठे बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या. शेकोट्या पेटल्या होत्या. पोरांना तर स्वर्ग दोन बोटे उरला होता. मला मात्र त्या साऱ्या आनंदाचा राग येत होता. एवढ्यात कुडापलीकडून आवाज आला.

"चेडवाक माझ्याकडे दी. तू वायच पाठ टेक."

चुलत जाऊ! उत्तराची वाट न पाहता ती आत आली. लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि बाहेर जाऊन नवऱ्याला काहीतरी म्हणाली. भाऊजींनी सायकल काढली आणि काळोखात निघून गेले. डॉक्टर होते सहा-सात मैलांवर. पहाटे ते औषधाची बाटली घेऊन परत आले तेव्हा दंवाने भिजून चिंब झाले होते. सासऱ्यांनी ते पाहिले. अकरा वर्षांत पुतण्याशी एक शब्द न बोललेला तो माणूस क्षणभर उभा राहिला, आणि मग आपली घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली. दोघेही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. तो औषधाने उतरला, हे मी डॉक्टरांच्या बाटलीला स्मरून सांगते. पण ती बाटली आणणारा माणूस गडग्यापलीकडे असता तर मी त्याला हाक मारली असती का, याचे उत्तर मला माहीत आहे.

पुढचे दोन दिवस मीही गावपळण उपभोगली. दोन्ही घरांची चूल केव्हा एक झाली कळलेच नाही. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. (पुण्याच्या नातेवाइकांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे.) कुणाच्या घराला माडी आणि कुणाच्या घराला गवत, हे तिथे दिसत नव्हते, सगळ्यांच्याच डोक्यावर झापे.

मी ज्याला त्याला विचारीत सुटले, की ही चाल पडली कशी? एक म्हणाला, हे तीन दिवस गाव देवाचे आणि भुतांचे. त्यांनाही त्यांचा खेळ मांडायला मोकळीक हवी. शाळामास्तर म्हणाले, पूर्वी पटकी-देवीच्या साथी येत, तेव्हा गाव मोकळे करून वारा खेळवीत असतील, त्याचीच पुढे रूढी झाली. आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, "माणूस दमता, बैल दमता, मग गावाक इसावो नको?" मला मास्तरांचे पटते, पण आजींचे आवडते.

चौथ्या दिवशी मानकरी देवळात गेले. गाऱ्हाणे घातले, 'व्हय म्हाराजा'चा गजर झाला, कौल मिळाला. पुन्हा तीच रांग, उलट्या दिशेने. गाव विलक्षण नि:शब्द होते. खळ्यात पाचोळ्याचा थर साचला होता, तुळशीपाशी पाखरांनी खुशाल मुक्काम केला होता. तीन दिवसांत घर असे परके होते, हे मला ठाऊक नव्हते. माझे कुलूप जागच्या जागी होते आणि शेजारची नुसती कडीही. खळे सारवले, चूल पेटली, दिवा लागला, आणि घर पुन्हा आपले झाले.

मध्ये गडगाही होताच. दावा त्यानंतरही चार वर्षे चालला. देव कौल देतो, पण वकील इतक्या लवकर देत नाहीत! परंतु दोन्हीकडची माणसे तारखेला एकाच एस.टी.ने जाऊ लागली, आणि गडग्यावरून वाट्या इकडून तिकडे जाऊ लागल्या. निकाल कुणाच्या बाजूने लागला ते सांगत नाही. फणस मात्र आम्ही दोघी जावा अजून वाटून घेतो.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. आजी गेल्या, सासूसासरे गेले. त्या वेळी तापाने फणफणलेली लेक आज स्वतः आई आहे. अलीकडे गावी गेले की पाणंदीतून चालताना मी बंद दारे मोजते. इतकी कुलपे पूर्वी नव्हती. कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, कुणी आखाती देशांत. ही पळण कुणी कौल घेऊन केलेली नाही, आणि हिचा चौथा दिवस कोणता ते कुणी ठरवलेले नाही.

तरीही गावपळणीचा दिवस ठरला, की फोन जातात, रजेचे अर्ज होतात, आणि एरवी गणपतीलाही न येणारी माणसे शिवेबाहेरच्या झोपडीत तीन रात्री काढण्यासाठी शेकडो मैल येतात. मागच्या खेपेला नात बरोबर होती. सड्यावरच्या झोपडीत शिरता शिरता तिने विचारले, "आजी, घराला कुलूप लावलंस?"

मी म्हटले, "नाही गं. चोरसुद्धा आपल्याबरोबरच आलाय."