जुन्या अंकांतील विमाने

वांद्रे रेल्वे-स्थानकापासून जुहूचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे पाच किलोमीटर अंतरावर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांच्या विमानाचे नाव 'पस मॉथ'. एकच इंजिन, वरच्या बाजूस बसविलेला पंख, आणि आत मोजक्याच माणसांपुरती जागा, असे हे लहानसे विमान होते. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर चिखल होई. तेव्हा ही टपालविमाने पुण्याहून ये-जा करीत.

वांद्र्यात राहणाऱ्या एखाद्या मुलास या विमानाची उडणारी प्रतिकृती करावीशी वाटली, तर त्याला प्रथम कशाची गरज लागेल? लाकूड, कागद, सरस आणि रबर या वस्तू बाजारात मिळतात. मिळत नाही ती मापे. छायाचित्रावरून मापे घ्यावीत म्हटले, तर कॅमेऱ्याजवळचा पंख मोठा आणि दूरचा लहान दिसतो. त्यामुळे त्यावर पट्टी ठेवून उपयोग नसतो. प्रतिकृती करणाऱ्यास तीन रेखाचित्रे लागतात : विमान पुढून कसे दिसते, बाजूने कसे दिसते आणि वरून कसे दिसते. अशी चित्रे ज्या काळी ते विमान नवे होते, त्या काळच्या नियतकालिकांत सापडतात. लंडनचे 'फ्लाइट' हे साप्ताहिक १९०९ मध्ये निघाले. केवळ प्रतिकृतींच्या छंदाला वाहिलेली 'मॉडेल एअरप्लेन न्यूज' आणि 'एरोमॉडेलर' ही मासिके अनुक्रमे १९२९ मध्ये अमेरिकेत आणि १९३५ मध्ये इंग्लंडात सुरू झाली. त्यांचे अंक आगबोटींनी मुंबईस येत, वाचले जात, आणि पुढे बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडत.

मापे मिळाली, म्हणजे हिशेब सुरू होतो. पस मॉथच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ११.२ मीटर होता. प्रत्येक माप सोळाव्या हिश्शाने लहान केले, तर प्रतिकृतीचा विस्तार ७० सेंटीमीटर येतो. हे सोपे झाले. वजनाचे गणित मात्र इतके सरळ नाही. लांबी सोळाव्या हिश्शाची झाली की पंखाचे क्षेत्रफळ २५६ व्या हिश्शाचे होते, आणि घनफळ ४०९६ व्या हिश्शाचे. प्रवासी व सामान यांसह खऱ्या विमानाचे वजन सुमारे ९३० किलोग्रॅम भरे. त्याचा ४०९६ वा हिस्सा म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम. रबराचा पीळ उलगडताना फिरणाऱ्या पंख्याच्या जोरावर उडणाऱ्या प्रतिकृतीस एवढे वजन फार होते. ते निम्म्याहूनही कमी असेल, तरच ती संथपणे तरंगत जाते. म्हणून जुन्या आराखड्यांत पंखाची प्रत्येक फासळी पूर्ण आकारात काढून दिलेली असे, आणि कोणती काडी किती जाडीची घ्यावी, हेही लिहिलेले असे. ही जाडी इंचाच्या अपूर्णांकांत आढळते. इंचाचा सोळावा भाग म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, एवढे ध्यानात ठेवले की काम भागते.

आज वांद्र्यावरून विमानांची ये-जा अखंड चालू असते. विमानतळ जवळ असल्याने इंजिनाची किंवा बिनतारी नियंत्रणाची प्रतिकृती परवानगीवाचून तेथे उडविता येत नाही. पण काही ग्रॅम वजनाची, रबरावर चालणारी प्रतिकृती शाळेच्या सभागृहात, पंखे बंद करून, खुशाल उडविता येते. अशा हलक्या प्रतिकृतींचे ज्ञान १९३० ते १९४० या दशकातील अंकांत विपुल आहे. त्या वेळी पुष्कळ मुलांना लहान इंजिन विकत घेणे परवडत नसे. त्यामुळे रबर, कागद आणि काड्या यांच्यावरच त्यांनी सारी बुद्धी खर्च केली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अंक तर एका वेगळ्याच कारणाने उपयोगी पडतात. बाल्सा हे अतिशय हलके लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येते. युद्धात ते जीवरक्षक तराफ्यांसाठी आणि 'मॉस्किटो' नावाच्या लाकडी लढाऊ विमानासाठी राखून ठेवण्यात आले, आणि छांदिष्टांस ते मिळेनासे झाले. तेव्हा मासिकांनी पाइनच्या बारीक काड्या व पुठ्ठा यांचा उपयोग करून प्रतिकृती कशा बांधाव्यात, ते दाखविले. आपल्याकडेही बाल्सा सहज मिळत नाही, आणि मिळाले तरी महाग पडते. बांबू मात्र गावोगाव आहे. टंचाईत शोधलेल्या युक्त्या टंचाईतच कामास येतात!

जुन्या नियतकालिकांनी याहून मोठी कामेही केली आहेत. आल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच माणसाने १८७१ मध्ये पॅरिसच्या एका उद्यानात पिळलेल्या रबरावर चालणारे लहानसे विमान ११ सेकंद उडवून दाखविले, आणि पुढच्याच वर्षी एका फ्रेंच विमानविद्याविषयक मासिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. पेनोच्याच धर्तीचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका वडिलांनी आपल्या दोन मुलांस आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. हे बंधू मोठेपणी उड्डाणाच्या अभ्यासास लागले, तेव्हा ऑक्टेव्ह शानूट यांचे लेख त्यांच्या हाती आले. हे लेख १८९१ पासून रेल्वे आणि यंत्रविद्येच्या एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले होते आणि १८९४ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले होते. पूर्वी कोणी काय केले आणि ते कोठे फसले, हे त्यांत एकत्र वाचावयास मिळाले.

तथापि छापलेले सगळेच खरे नसते. १९०१ मध्ये राइट बंधूंच्या ग्लायडरला गणिताने यावयास हवी होती, त्याहून बरीच कमी उचल मिळाली. त्यांनी वाऱ्याचा एक लांबट पेटारा तयार केला, त्यात सुमारे दोनशे छोटे पंख तपासले, आणि दोष कोठे आहे ते शोधून काढले. हवेच्या दाबाच्या हिशेबात १७५९ पासून वापरात असलेला ०.००५ हा अंक चुकीचा होता. खरा अंक ०.००३३ च्या आसपास निघाला. एकशेचाळीस वर्षे तो एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरवून घेतला जात होता!

छंदाच्या मासिकांतही अशा लहानमोठ्या चुका असत. एखाद्या फासळीचे माप चुकून छापले जाई, किंवा गुरुत्वमध्याची खूण पंखावर फार मागे पडे. मग वाचक पत्र लिहीत आणि पुढील एखाद्या अंकात दुरुस्ती येई. म्हणून एकट्या सुट्या अंकापेक्षा पूर्ण वर्षाची बांधलेली फाइल अधिक मोलाची ठरते. ज्याच्याजवळ केवळ मूळ अंक आहे, त्याची प्रतिकृती शेपटीवर आपटते आणि कारण त्याला कळत नाही.

हे अंक टिकविणे मुंबईच्या हवेत कठीण जाते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्लाचा अंश राहतो. त्यामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. पावसाळ्यातील दमट हवेने त्यावर बुरशी चढते, आणि कसर आपले काम करतेच. मधली घडी घातलेली आराखड्याची मोठी पाने सर्वांआधी घडीवरच फाटतात. त्यांची छायाप्रत घेताना कागद ताणला किंवा आकसला असल्यास मापे बदलतात. म्हणून नक्कल काढल्यावर आराखड्यावरील छापील मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहावी लागते.

कधी कधी अशा पानाच्या समासात कोणा अनोळखी माणसाने पेन्सिलीने काही लिहून ठेवलेले आढळते : पंखाचे वजन इतके भरले, रबराला इतके पीळ दिले, डावीकडे वळले, शेपटीची एक बाजू थोडी उचलली, मग सरळ गेले.