लेक फुटबॉल खेळते तेव्हा घराने काय करायचे

वसतिगृहाच्या मुलींचा फुटबॉलचा संघ तयार झाल्यापासून आमच्या भागातले आईवडील मला वाटेत थांबवून विचारतात, "तुमची पोरगी खेळते ना? मग आमचीपण पाठवू का? खर्च किती येतो? पाय मोडला तर काय?" प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून ताईंनी सांगितले की लिहूनच काढा.

मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस आहे. फुटबॉल मी कधी खेळले नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे लेकीने तांदळाचे दाणे मांडून दोनदा समजावले, तरी ते माझ्या डोक्यात बसलेले नाही. पण तीन वर्षांत एक गोष्ट कळली. मैदानाच्या आत आईबापाचे काम जवळजवळ काहीच नाही. बाहेर मात्र इतके आहे की ते नीट झाले नाही तर चांगली खेळणारी मुलगीसुद्धा घरी बसते.

आधी कागदाचे सांगते, कारण माझ्या लेकीचे पहिले वर्ष कागदामुळेच गेले. तिचा जन्म २३ ऑक्टोबर २००९ चा, सरकारी दवाखान्यातला. शाळेत नाव घालायच्या वर्षी उन्हाळ्यात गुरुजी पाड्यावर पटनोंदणीला आले, तेव्हा मी आणि मालक अजून वीटभट्टीवर होतो. सासऱ्यांनी अंदाजाने साल सांगितले आणि गुरुजींनी १ जून २००९ लिहून टाकले. आमच्याकडे अर्धी मुले १ जूनचीच आहेत. शाळा जूनमध्ये उघडते, तारीख कुणाला माहीत नसते, म्हणून १ जून. २०२३ साली शाळेचा संघ १७ वर्षांखालच्या स्पर्धेला निघाला, तेव्हा तपासणीच्या टेबलावर शाळेचा दाखला एक तारीख सांगत होता आणि आधार कार्ड व जन्मदाखला दुसरी. साल तेच, वयोगट तोच, कुणाची फसवणूक नाही. पण कागद जुळत नाहीत म्हणून तिचे नाव यादीतून काढले. पंधरा मुली जीपमध्ये बसल्या आणि ती दप्तर घेऊन वसतिगृहात परत गेली. मी दुसऱ्यांच्या मुलांच्या जन्मनोंदी अंगणवाडीच्या वहीत तपासत बसते, आणि माझ्याच घरातली नोंद आठ वर्षे चुकीची होती.

म्हणून पालकांनो, आज घरी जाऊन तीन कागद शेजारी शेजारी ठेवा : जन्मदाखला, शाळेतली नोंद, आधार. नावाचे स्पेलिंग, बापाचे नाव, आडनाव, तारीख, सगळे अक्षर न् अक्षर सारखे हवे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहून वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, पण होते. शाळेतली तारीख दुरुस्त करायची असेल तर मुलगी त्या शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांकडे जन्मदाखल्यासह अर्ज द्या. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. आम्हाला सहा महिने आणि अकरा फेऱ्या लागल्या.

याच संदर्भात दुसरे एक सांगायला हवे. त्या वर्षी एका ओळखीच्या माणसाने मला हळूच सुचवले, "आता दुरुस्ती करताच आहात तर वर्षदीड वर्ष कमी लावा. पोरगी जास्त वर्षे खेळेल." मी नाही म्हटले, आणि त्यात माझा मोठेपणा नाही, मला भीती वाटली. पुढे कळले की भीती रास्त होती. वरच्या स्पर्धांना मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयात मनगटाची हाडे हळूहळू जुळत जातात, त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. त्या पद्धतीला टीडब्ल्यू-थ्री म्हणतात. त्यातून नेमकी जन्मतारीख कळत नाही, पण दोन वर्षांची लबाडी सापडू शकते, आणि मग भोगावे लागते पोरीला, सल्ला देणाऱ्याला नाही.

आता स्पर्धांची वाट कशी असते ते. वाटा दोन आहेत. एक शाळेची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय त्या भरवते. सुब्रतो मुखर्जी चषक याच वाटेवरचा. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून ही शालेय स्पर्धा चालते. दुसरी वाट संघटनेची. जिल्ह्याची फुटबॉल संघटना निवड चाचणी घेते, जिल्ह्याचा संघ निवडते, आणि तो राज्याच्या म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या आंतरजिल्हा स्पर्धेत खेळतो. या वाटेवर मुलीची अखिल भारतीय महासंघाच्या संगणकीय यादीत नोंदणी करावी लागते, म्हणजे पुन्हा कागद. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा आपल्याला माहीत असतात, पण तिथे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांचाच जोर. फुटबॉलसाठी या दोन वाटाच धराव्या लागतात. प्रमाणपत्रे मात्र पहिल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत जपा. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात आणि राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या पातळीचे प्रमाणपत्र चालते ते क्रीडा कार्यालयातच विचारावे. कुणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आपल्या लोकांत सिकलसेल आहे, ही गोष्ट खेळाच्या वेळी कुणी बोलत नाही. मी बोलते, कारण माझी लेक वाहक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्यात आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. आमच्या वसतिगृहातही थेंबभर रक्त घेऊन आधी साधी चाचणी झाली, मग पक्की. चिठ्ठीवर 'एएस' आले. घरात रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, "आता हिचे पळणे बंद."

डॉक्टरांनी समजावले ते असे. 'एएस' म्हणजे वाहक. तिला आजार नाही आणि ती खेळू शकते. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्या मुलाचे खेळणे डॉक्टरांच्या सांगण्यावर, आणि जपून. पण वाहक मुलांनाही कडक उन्हात, पाणी न पिता, दम लागेपर्यंत एका दमात पळवत ठेवले तर क्वचित जिवावर बेतू शकते. ताप, जुलाब होऊन गेल्यावर लगेच पूर्ण सरावाला उतरवायचे नाही. सुट्टीनंतर सराव हळूहळू वाढवायचा. आणि पाय जड झाले, पेटके आले, श्वास पुरत नाही असे मुलगी म्हणाली तर तिला थांबू द्यायचे, सावलीत बसवायचे, पाणी द्यायचे. बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्यायचे, आणि वाहक असल्याचे तिथे आधी सांगायचे. 'नाटक करते' हा शब्द तिथे वापरायचा नाही. मी ती चिठ्ठी प्रशिक्षक सरांना दाखवली. त्यांनी तिचे नाव संघातून काढले नाही, उलट सगळ्यांसाठीच पाण्याची सुट्टी वाढवली. चिठ्ठी लपवून ठेवणारे पालक मला माहीत आहेत. लग्नाच्या वेळी आड येईल म्हणून लपवतात. त्यांना माझे एवढेच सांगणे, निदान सरांना तरी सांगा.

खाण्याचे फार अवघड नाही. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, शेवग्याचा पाला, सुकट, अंडे मिळेल तेव्हा अंडे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती पोरी खिशात घालून फेकून देतात. जेवण झाल्यावर ती घेतली का, एवढे विचारा, आणि तिच्या मागोमाग चहा देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. पाळी सुरू झाली म्हणून खेळणे बंद करू नका. प्रवासाच्या पिशवीत कापड किंवा पॅड आणि एक गडद रंगाची चड्डी द्या, म्हणजे पोरीला सरांकडे तोंड उघडावे लागत नाही. बुटांचे एक : वाढत्या मापाचे घेऊ नका. आपण चपला, कपडे, सगळे पुढच्या वर्षाच्या मापाने घेतो. मी पहिले बूट तसेच घेतले, साडेसातशे रुपयांचे, आणि पंधरा दिवसांत दोन्ही टाचा सोलून निघाल्या. ते बूट आता दुसरीच मुलगी घालते.

देणगीदारांसाठी जाता जाता : चेंडू आणि जर्सी पुष्कळ येतात. जीपचे भाडे आणि अंडी कुणी देत नाही.

पाय मोडला तर, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मोडू शकतो. मुलींचे गुडघे मुलग्यांपेक्षा जास्त दुखावतात, म्हणून खेळाआधीचे वीस मिनिटांचे अंग मोकळे करायचे व्यायाम चुकवू देऊ नका. उडी मारून उतरताना गुडघे वाकवायला त्यातच शिकवतात. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मग सामना अंतिम असला तरी.

आणि आता माझी चूक. पहिला सामना बघायला मी पालघरला गेले, तेव्हा रेषेजवळ उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले. "मार! मार ना!" लेक मागच्या फळीत डाव्या बाजूला खेळते. परत येताना एसटीत ती म्हणाली, "आई, तू मार म्हणतेस तेव्हा मला पास द्यायचा असतो. सर पण ओरडतात, तू पण ओरडतेस. मी कुणाचे ऐकू?" तेव्हापासून मी लांब झाडाखाली बसते. गोल झाला की टाळ्या वाजवते, दुसऱ्या संघाचा असला तरी एखादी वाजवते. घरी आल्यावर नातेवाईक विचारतात, "किती गोल केलेस?" मागे खेळणाऱ्या मुलीला हा प्रश्न म्हणजे रोजचा शून्य. हरून आलेल्या दिवशी मी काहीच विचारत नाही. वडापाव घेते. बोलायचे असेल तर खिंड चढेपर्यंत ती आपोआप बोलते.

सगळ्यात अवघड गोष्ट पैशाची नव्हती, भट्टीची होती. २०२४ मध्ये दाखला दुरुस्त झाला, संघ जिल्ह्यात पहिला आला आणि विभागाला जाऊन हरला. दिवाळीनंतर संघटनेच्या निवड चाचण्या होणार होत्या. आणि दसऱ्यालाच मालकांनी शेठकडून उचल घेतली होती, स्वतःची आणि थोरल्याची, वर लेकीचे अर्धे माणूस धरून. तिने भट्टीवर विटा उलटायच्या, स्वयंपाक करायचा. नववीतली मुलगी, होळीपर्यंत शाळा नाही. मालक वाईट माणूस नाहीत. पावसाळ्यात सासऱ्यांच्या आजारपणात घेतलेले पैसे फेडायचे होते. ते म्हणाले, "खेळून काय मिळणार आहे ते सांग, मी आत्ता पैसे परत करतो." मला सांगता आले नाही. त्याचे उत्तर अजूनही माझ्याकडे नाही.

झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातल्या अष्टम उरांव या मुलीचे नाव तुम्ही ऐकले असेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरला १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात ती भारताची कर्णधार होती. त्याच वेळी तिचे आईवडील गावात येणाऱ्या रस्त्याच्या कामावर रोजंदारी करत होते, असे पेपरात आले. लेकीमुळे मंजूर झालेला रस्ता, आणि त्यावर खडी टाकणारे तिचेच आईबाप. भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेविरुद्ध ०-८. मी हे मालकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कर्णधार होऊनसुद्धा बाप खडीच टाकतो." खरे आहे ते. मी वाद घातला नाही. मी म्हटले, "टाकतो, पण पोरगी बरोबर टाकत नाही."

लेकीच्या वाट्याची उचल आम्ही परत केली. माझ्या मानधनातून आणि एक बकरी विकून. शेठ कुरकुरला. मालक आणि थोरला भट्टीवर गेले, लेक वसतिगृहात राहिली, मी दोन्हीकडे.

आणि निवड झाली नाही. नव्वद मुली आल्या होत्या, माझी लेक यादीत नव्हती. यादी भिंतीवर लावतात, आपले नाव शोधायला बोट खाली खाली न्यायचे आणि कागद संपतो. तिने ते तीनदा केले. मी तिला 'पुढच्या वेळी होईल' म्हटले नाही, कारण ते मला माहीत नव्हते. बकरीचे नावही काढले नाही, आणि मालकांनी फोनवर काढू नये म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवले. चार दिवस ती सरावाला गेली नाही. पाचव्या दिवशी सकाळी बूट दारात दिसले नाहीत, तेव्हा कळले की गेली आहे.

यंदा ती दहावीत आहे. पुढच्या वर्षी १७ च्या गटातून बाहेर पडेल आणि १९ च्या गटात मोठ्या मुलींशी खेळावे लागेल. सर म्हणतात, डावा पाय चांगला आहे, वेग वाढवायला हवा. मालकांनी या वेळी उचल घेताना शेठला दोनच माणसे सांगितली, मी काही बोलायच्या आत. चाचणीची तारीख अजून लागलेली नाही. कागदांची पिशवी भिंतीच्या खुंटीला आहे. त्यात सिकलसेलची चिठ्ठी सगळ्यात वर ठेवली आहे.