जीवशास्त्राच्या वर्गातून कुरणाकडे : झाशी परिसरातील विद्यार्थी-प्रकल्पांसाठी काही दिशा

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या इयत्ता बारावीच्या जीवशास्त्र विषयात ७० गुण लेखी परीक्षेस आणि ३० गुण प्रात्यक्षिकास असतात. या ३० गुणांपैकी ५ गुण शोधप्रकल्प, त्याची नोंदवही व त्यावरील तोंडी परीक्षेसाठी राखलेले आहेत. गुण थोडे असल्याने प्रकल्पाचा विचार अनेकदा वर्षाच्या अखेरीस होतो. तोपर्यंत पावसाळी वनस्पती वाळून गेलेल्या असतात आणि पुस्तकातील माहिती वहीत उतरवून काढण्यावाचून विद्यार्थ्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही. वास्तविक, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही असा एक लहान प्रश्न स्वतः मोजून सोडविण्याची शालेय जीवनातील ही दुर्मीळ संधी होय. झाशीसारख्या ठिकाणी असे प्रश्न शाळेच्या कुंपणापलीकडेच उभे आहेत. त्यांपैकी काहींचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

झाशीच का?

मराठी वाचकांस झाशी राणी लक्ष्मीबाईंमुळे परिचित आहे. कृषी संशोधनाच्या दृष्टीनेही या शहराचे स्थान वेगळे आहे. भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था येथे १९६२ मध्ये स्थापन झाली व १९६६ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीत आली. कृषिवानिकीचे राष्ट्रीय केंद्र येथे १९८८ मध्ये सुरू झाले. आज ते केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाची स्थापना २०१४ मधील आहे. गवत, चारा आणि वृक्ष यांचा अभ्यास करणाऱ्या तीन संस्था एकाच शहरात असणे ही शाळांसाठी मोठी अनुकूलता आहे.

परिसरातील मृदाही अभ्यासास सोयीच्या आहेत. बुंदेलखंडात राकड व परवा या तांबड्या, तर काबर व मार या काळ्या जमिनी थोड्या अंतरावर आढळतात. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो. याच प्रदेशात ‘अन्ना प्रथा’ प्रचलित आहे. रब्बी पिके निघाल्यावर जनावरे मोकळी सोडण्याची ही जुनी रीत होती. चाऱ्याची टंचाई व दूध न देणाऱ्या जनावरांच्या सांभाळाचा खर्च यांमुळे आता इतर हंगामांतही जनावरे मोकाट दिसतात आणि उभ्या पिकाची राखण करण्यासाठी शेतकऱ्यांस रात्री जागवाव्या लागतात. त्यामुळे गावच्या कुरणात किती व कोणते गवत आहे हा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांच्या घराशी थेट निगडित आहे.

घनता आणि वारंवारता

क्वाड्रॅट म्हणजे मोजणीची चौकट. ती वापरून वनस्पतींची घनता व वारंवारता काढणे हे अभ्यासक्रमातील दोन स्वतंत्र प्रयोग आहेत. सर्व चौकटींत मिळून आढळलेल्या एका जातीच्या झाडांची संख्या भागिले एकूण चौकटी म्हणजे घनता. ती जात ज्या चौकटींत आढळली त्यांचे एकूण चौकटींशी शेकडा प्रमाण म्हणजे वारंवारता.

या दोन संख्या वेगवेगळ्या का काढाव्यात, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १ मीटर × १ मीटर मापाच्या १० चौकटी घेतल्या. पहिल्या गवताचे ४० ठोंब मिळाले, परंतु ते केवळ २ चौकटींत होते. दुसऱ्या गवताचेही ४० ठोंब मिळाले, पण ते ९ चौकटींत विखुरलेले होते. दोन्हींची घनता प्रतिचौरस मीटर ४ इतकीच येते. वारंवारता मात्र पहिल्याची २० टक्के व दुसऱ्याची ९० टक्के येते. पहिले गवत कोठेतरी एकवटले आहे व दुसरे कुरणभर पसरले आहे, हे घनतेवरून कधीच कळले नसते.

मोजणी करताना तीन दक्षता आवश्यक आहेत. पहिली, चौकट कोठे ठेवावी हे डोळ्यांनी निवडू नये, कारण नजर दाट गवताकडेच वळते. चिठ्ठ्या काढून पावलांचे अंतर ठरवावे. दुसरी, ठोंब करून वाढणाऱ्या गवतात ठोंब मोजता येतात. हरळीसारख्या पसरणाऱ्या गवतात एक झाड कोठे संपते हे सांगता येत नाही. तेथे घनतेऐवजी वारंवारता किंवा व्यापलेल्या जागेचा अंदाज नोंदवावा. तिसरी, गवताची ओळख फुलोऱ्यावरून होते. म्हणून मोजणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी.

गवताच्या जाती काय सांगतात?

पी. एम. दाबडघाव व के. ए. शंकरनारायण यांचा भारतातील गवताच्छादनावरील ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांपैकी सेहिमा-डायकँथियम हा प्रकार मध्य भारताच्या पठारापासून संपूर्ण द्वीपकल्पात पसरलेला आहे. झाशीचे माळ आणि महाराष्ट्रातील बरीचशी गायराने याच प्रकारात मोडतात. त्यामुळे झाशीच्या विद्यार्थ्याने केलेली नोंद सोलापूर वा अहिल्यानगरच्या विद्यार्थ्यासही तुलनेस उपयोगी पडू शकते.

पवन्या व मारवेल ही या प्रकारातील उत्तम बहुवर्षायू चारा गवते होत. चराईचा ताण वाढत गेला की ती मागे पडतात व कुसळी गवत वाढते. कुसळीला बुंदेलखंडात लांपा म्हणतात. कोवळेपणी जनावरे ती खातात. मात्र बी पक्व झाल्यावर टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडास इजा करतात. ताण तसाच राहिल्यास ॲरिस्टिडा वंशातील निकृष्ट गवतांचे प्रमाण वाढते. म्हणून कुंपण घातलेला एक तुकडा व खुल्या चराईचा एक तुकडा यांतील जातींची तुलना हा स्वयंपूर्ण प्रकल्प ठरतो. दोन्ही तुकडे शक्यतो एकाच प्रकारच्या जमिनीवरील असावेत. अन्यथा दिसणारा फरक चराईचा की मातीचा, हे सांगता येणार नाही.

वजनापासून जनावराच्या दिवसापर्यंत

जातींच्या मोजणीस वजनाची जोड दिल्यास प्रकल्प शेतकऱ्याच्या भाषेत बोलू लागतो. चौकटीतील गवत जमिनीलगत कापून, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे. प्रतिचौरस मीटर १ ग्रॅम म्हणजे प्रतिहेक्टर १० किलो, हे सूत्र लक्षात ठेवावे. समजा, वाळलेल्या गवताचे सरासरी वजन २५० ग्रॅम आले, तर उत्पादन हेक्टरी २,५०० किलो होते. कुरण पुन्हा फुटण्यासाठी निम्मे गवत राखले तर १,२५० किलो उरते. जनावरास त्याच्या वजनाच्या साधारणतः २ ते २.५ टक्के शुष्क पदार्थ दररोज लागतो. ३०० किलो वजनाच्या गाईस तो ६ ते ७.५ किलो होतो. दररोज ७ किलो धरल्यास हे गवत एका गाईस सुमारे १७८ दिवस पुरेल.

हा ढोबळ अंदाज आहे. चाऱ्यातील प्रथिने, जनावराचे दूध व तुडवण यांचा त्यात समावेश नाही. तरीही गावात किती जनावरे आहेत व कुरण किती हेक्टर आहे, ही माहिती शेजारी मांडली की जनावरे मोकाट का सुटतात याचे एक कारण आकड्यांत दिसू लागते.

बरसीमच्या मुळांवरील गाठी

रब्बी हंगामासाठी बरसीम हे चारापीक प्रकल्पास सोयीचे आहे. झाशीच्या संस्थेने विकसित केलेले ‘वरदान’ हे वाण शेतकऱ्यांस परिचित आहे. बरसीमच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. मात्र प्रत्येक द्विदल पिकास प्रत्येक रायझोबियम चालत नाही. ज्या जमिनीत पूर्वी बरसीम घेतलेले नाही, तेथे योग्य जिवाणू पुरेसे नसण्याची शक्यता असते. यासाठीच बीजप्रक्रियेची शिफारस केली जाते.

शिफारस खरी ठरते का, हे कुंड्यांत तपासता येते. बरसीम कधीच न घेतलेल्या शेतातील माती दहा कुंड्यांत भरावी. पाच कुंड्यांत बीजप्रक्रिया केलेले व पाचांत न केलेले बी ऑक्टोबरमध्ये पेरावे. प्रक्रिया न केलेले बी आधी पेरावे, अन्यथा हातांवरील जिवाणू त्यातही मिसळतील. कासनीचे बी वेगळे करण्यासाठी मिठाचे पाणी वापरले असल्यास बी स्वच्छ पाण्याने धुऊन मगच जिवाणू लावावेत. युरिया देऊ नये, कारण मातीत नत्र भरपूर असल्यास गाठी कमी होतात. सुमारे ४५ दिवसांनी माती भिजवून रोपे अलगद काढावीत व मुळे धुवावीत. ओढून काढल्यास गाठी तुटून मातीत राहतात.

गाठींची संख्या हे निम्मेच उत्तर होय. गाठ कापल्यावर आत गुलाबी रंग दिसल्यास तेथे लेगहिमोग्लोबिन असून गाठ कार्यरत आहे असे समजावे. पांढरट, हिरवट वा तपकिरी गाठी अद्याप अपक्व, अकार्यक्षम किंवा जुन्या झालेल्या असतात. दोन्ही गटांत सारख्याच गुलाबी गाठी आढळल्यास प्रकल्प फसला असे मानू नये. त्या मातीत योग्य जिवाणू आधीपासून होते, हा निष्कर्षही शेतकऱ्यास तितकाच उपयुक्त आहे.

फलनाविना बी : पाठ्यपुस्तकातील एक ओळ

बारावीच्या पुस्तकात ॲपोमिक्सिस म्हणजे फलनाविना बीजनिर्मिती शिकविताना गवतांचा उल्लेख येतो. गिनी गवत व अंजन गवत ही त्याची उदाहरणे आहेत. अशा बियांपासून होणारी रोपे मातृवनस्पतीची प्रतिरूपे असतात. म्हणून चांगले झाड सापडल्यास त्याचे गुण बियांतून टिकतात. पण दोन वाणांचा संकर घडविणे मात्र कठीण जाते. चारा गवतांच्या पैदाशीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळावा. फुलोरा पिशवीने झाकला आणि तरीही बी धरले, म्हणजे ॲपोमिक्सिस सिद्ध झाले असे नाही. पिशवीत त्याच झाडाचे पराग असतात. शिवाय या गवतांत भ्रूणासाठी फलन लागत नसले, तरी भ्रूणपोष तयार होण्यासाठी परागांची गरज असते. एकाच झाडाच्या बियांपासून वाढविलेली रोपे किती एकसारखी आहेत हे पाहणे शाळेच्या पातळीवर अधिक योग्य होय. त्याचा निष्कर्षही ‘सूचक’ इतकाच मांडावा.

नियोजन व नोंदवही

शाळांनी पुढील क्रम ठेवल्यास हंगाम व परीक्षा यांचा मेळ बसतो :

• जुलै-ऑगस्ट : प्रश्न निश्चित करणे, जागेची परवानगी घेणे, गवतांची ओळख.
• सप्टेंबर-ऑक्टोबर : चौकटींची मोजणी, कापणी, बरसीमची पेरणी.
• नोव्हेंबर-डिसेंबर : शुष्क वजने, गाठींची मोजणी.
• जानेवारी : आकडेमोड, लेखन व तोंडी परीक्षेची तयारी.

४० विद्यार्थ्यांच्या वर्गाचे आठ गट करून प्रत्येकाने पाच चौकटी घेतल्यास एका सकाळी ४० चौकटी पूर्ण होतात. पावसाळी गवतात सापांचा धोका असल्याने पायांत बूट असावेत व शिक्षकांनी सोबत राहावे.

नोंदवहीत मूळ आकडे जसेच्या तसे ठेवावेत. रिकामी निघालेली चौकट वगळू नये. ती ‘शून्य’ म्हणून नोंदवावी, कारण तिच्याविना घनता व वारंवारता दोन्ही फुगतात. खोडलेला आकडा वाचता येईल असाच खोडावा. परीक्षकांनीही अपेक्षित उत्तरापेक्षा मोजणीची पद्धत पाहून गुण द्यावेत.

चौकटींच्या जागा खुणा करून कायम ठेवल्या व पुढील वर्षीच्या वर्गाने तेथेच मोजणी केली, तर पाच-सहा वर्षांत त्या कुरणाचा इतिहास तयार होतो. अशी नोंद गावाच्या कुरणाविषयी निर्णय घेताना ग्रामपंचायतीस, तसेच जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास उपयोगी पडेल. महाराष्ट्रातील शाळांनीही आपल्या गायरानावर येत्या पावसाळ्यात दहा चौकटींपासून प्रारंभ करण्यास हरकत नाही.